दिलेल्या शब्दाची वही

उधारी लिहून ठेवायची असते, हे दुकानात वाढलेल्या मुलाला शिकवावे लागत नाही. किराणा दुकानदाराची लाल वही, दूधवाल्याचे कार्ड, भिशीचा कागद, सगळीकडे रक्कम आणि तारीख लिहिलेली असते. पण "शुक्रवारपर्यंत माल पोहोचवतो", "भाव विचारून उद्या सांगतो", "तुमची तक्रार मालकांच्या कानावर घालतो" असे जे शब्द धंद्यात रोज दिले जातात, ते कोणत्या वहीत असतात? बहुतेक ठिकाणी ते सेल्समनच्या डोक्यात असतात, आणि संध्याकाळपर्यंत त्यातले निम्मे पुसले जातात.

या विषयाकडे वळण्याचे कारण म्हणजे एका भगिनीचे पत्र. त्यांचे पती अठरा वर्षे एका कंपनीत सेल्समन आहेत. कंपनीने आता सर्वांच्या मोबाइलमध्ये 'सीआरएम' नावाचे सॉफ्टवेअर टाकले असून प्रत्येक भेट आणि प्रत्येक बोलणे त्यात भरायला सांगितले आहे. घरी आल्यावर रात्री अकरापर्यंत ते मोबाइलवर बोटे चालवत बसतात. मुले अभ्यास घेऊन येतात आणि परत जातात. "अठरा वर्षांत जोडलेली माणसे एकदा यात भरून दिली, की मग मला कोण विचारणार?" असे ते म्हणतात. हे नोकरी जाण्याचे लक्षण समजायचे का, असे त्या भगिनीने विचारले आहे.

आमचे काही माजी विद्यार्थी आज स्वतःचे छोटे व्यवसाय चालवतात. त्यांचा प्रश्न दुसऱ्या टोकाने येतो. "सॉफ्टवेअर घेतले, वर्षाचे पैसे भरले, पण आमचे सेल्समन त्यात काही भरतच नाहीत. भरले तर खोटे भरतात." दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे असे आम्हाला वाटते. म्हणून या महिन्यात दोघांशी एकत्रच बोलू.

सीआरएम म्हणजे काय?

'कस्टमर रिलेशनशिप मॅनेजमेंट' या इंग्रजी शब्दांची ही आद्याक्षरे. नाव भारदस्त असले तरी कल्पना साधी आहे. ही ग्राहकांची एक समाईक वही आहे आणि ती कंपनीतल्या सगळ्यांच्या मोबाइलवर एकाच वेळी उघडते. प्रत्येक ग्राहकाचे एक पान. त्यावर त्याचे नाव, पत्ता, नंबर. त्याच्याशी कोण, केव्हा, काय बोलले. त्याला काय हवे आहे. सौदा कुठवर आला. आणि पुन्हा केव्हा भेटायचे. तो दिवस उजाडला की मोबाइल आठवण करून देतो. नव्या चौकशीला यात 'लीड' म्हणतात आणि पुढच्या पाठपुराव्याला 'फॉलो-अप'. किती चौकशा आल्या, किती ठिकाणी भाव दिला आणि किती सौदे पक्के झाले, हे मालकाला एका नजरेत दिसते.

संगणकाआधी हे काम पत्त्यांच्या कार्डांची पेटी करीत असे. अमेरिकेत 1987 साली 'ॲक्ट' नावाचा प्रोग्राम आला आणि ती पेटी संगणकात गेली. 1993 मध्ये सिबेल ही कंपनी निघाली. तिचे सॉफ्टवेअर मोठमोठ्या कंपन्यांनाच परवडणारे होते. 1999 मध्ये सेल्सफोर्स सुरू झाली आणि इंटरनेटवरून, दर माणशी वर्गणी भरून हे सॉफ्टवेअर वापरण्याची रीत रूढ झाली. आपल्या देशातील झोहो कंपनीने 2005 साली स्वतःचे सीआरएम आणले. आज काही कंपन्या दोन-तीन माणसांपुरती मोफत आवृत्तीही देतात. एकट्याने धंदा करणाऱ्याला 2018 मध्ये आलेले व्हॉट्सॲप बिझनेससुद्धा पुष्कळदा पुरते. त्यात ग्राहकांना 'नवी ऑर्डर', 'पैसे येणे बाकी' अशी लेबले लावता येतात. सहा-आठ सेल्समन झाले की मात्र एकमेकांचे बोलणे एकमेकांना कळण्यासाठी समाईक वही लागते.

हिशोबात न दिसणारे नुकसान

उदाहरणासाठी एक धंदा डोळ्यासमोर आणू. समजा, दोन भावांची एक कंपनी पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातील बेकऱ्यांना मैदा, यीस्ट, मार्गारिन, बटर पेपर आणि केकचे खोके पुरवते. सहा सेल्समन मोटारसायकलवर आपापल्या लाइनवर जातात. प्रत्येक जण दिवसाला वीस बेकऱ्या करतो, ऑर्डर घेतो, थकबाकी वसूल करतो.

साताऱ्याच्या एका बेकरीवाल्याने विचारले, "एक किलोच्या केकचे खोके आहेत का? पुढच्या रविवारी मोठी ऑर्डर आहे." सेल्समन म्हणाला, "शुक्रवारी पाठवतो." पुढे आणखी अकरा बेकऱ्या झाल्या, पाऊस आला, गाडी पंक्चर झाली. शुक्रवारी खोके गेले नाहीत. बेकरीवाल्याने दुसरीकडून घेतले, आणि पुढच्या महिन्यापासून मैदाही तिकडूनच घेऊ लागला.

आता या कंपनीचे हिशोब उघडून पाहा. टॅलीमध्ये विकलेल्या मालाचे बिल आहे, येणे आहे, जीएसटी आहे. न गेलेल्या खोक्यांचे बिल नसते. मोडलेल्या शब्दाची नोंद रोजमेळात होत नाही. वर्षअखेरीस भाऊ एवढेच म्हणतात, "सातारा लाइन थंड पडली." का थंड पडली, ते कोणालाच सांगता येत नाही. झालेला व्यवहार हिशोबाच्या वहीत असतो. अजून व्हायचा व्यवहार, म्हणजे दिलेला शब्द, ठेवायला सीआरएम आहे. मालकांनी आणि सेल्समनने या सॉफ्टवेअरकडे असे पाहिले, तर पुढचे बरेच प्रश्न सुटतात.

दिलेला शब्द मोडणे ही आपल्या दीनमध्ये किरकोळ गोष्ट नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मुनाफिकाच्या ज्या खुणा सांगितल्या, त्यांत खोटे बोलणे आणि अमानतीत खयानत करणे यांच्या जोडीला वचन मोडणे ही एक खूण आहे. तिथे धंद्यातला शब्द आणि घरातला शब्द असा भेद केलेला नाही. विसरणे हा गुन्हा नाही हे खरे. पण विसरायला होते हे ठाऊक असूनही लिहून न ठेवणे, याला बेफिकिरीच म्हणावे लागेल.

लिहिणाऱ्याला त्रास नको

पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत कोणती, असे विचारले तर पुष्कळांना वाटते की ती नमाज किंवा रोजा यांविषयी असेल. ती सूरह अल-बकराची 282वी आयत असून ती व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. मुदतीच्या देण्याघेण्याचे लेखन करावे, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, साक्षीदार ठेवावेत, असे मार्गदर्शन तिच्यात आहे. आम्ही मुफ्ती नाही आणि सॉफ्टवेअरवर फतवा देण्याचा आमचा अधिकार नाही. ही आयत उधारीच्या व्यवहाराविषयी आहे, हेही ध्यानात आहे. पण लिहून ठेवण्याची जी रीत ती शिकवते, त्यातल्या दोन गोष्टी आजच्या प्रश्नाला थेट लागू पडतात.

पहिली गोष्ट अशी, की हातोहात होणारा रोखीचा व्यवहार लिहिला नाही तरी हरकत नाही, अशी सवलत त्या आयतीतच आहे. म्हणजे जिथे गरज आहे तिथे जरूर लिहावे, पण प्रत्येक गोष्टीचा कागद करून माणसाला वेठीस धरू नये. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. लिहिणाऱ्याला आणि साक्षीदाराला त्रास दिला जाऊ नये, असे तिच्यात स्पष्ट बजावले आहे.

सीआरएममध्ये लिहिणारा कोण? सेल्समन. म्हणजे आज त्या 'कातिब'च्या जागी तो उन्हातान्हात फिरणारा माणूस आहे. त्याने लिहिलेल्या नोंदीवरूनच त्याचा पगार कापला, त्याने प्रामाणिकपणे 'ग्राहक नाराज आहे' असे लिहिल्यावर त्यालाच सर्वांसमोर झापले, तर तो पुढच्या वेळी 'ग्राहक खूश आहे' असे लिहील. मग मालकाच्या हातात लाखभर रुपयांचे सॉफ्टवेअर असेल आणि आत सगळे खोटे असेल. शाळेतही हेच घडते. चूक कबूल करणाऱ्या मुलाला मार मिळाला, की वर्गातले चाळीसही जण चूक लपवायला शिकतात.

मालकांसाठी चार गोष्टी

पहिली, फॉर्म लहान ठेवा. सॉफ्टवेअर विकायला येणारा माणूस पन्नास रकाने दाखवतो, आणि ते सगळे हवेत असे वाटू लागते. साधे गणित करू. एका भेटीची नोंद भरायला चार मिनिटे लागली, तर वीस भेटींना ऐंशी मिनिटे होतात. आठवड्याचे सहा दिवस धरले तर आठ तास, म्हणजे कामाचा एक अख्खा दिवस. हाच फॉर्म एका मिनिटात भरता आला, तर आठवड्याचे दोन तास लागतील. कोणाला भेटलो, काय मागितले, काय शब्द दिला, पुन्हा केव्हा जायचे, एवढे चार रकाने सुरुवातीला पुरतात. जी बिले टॅलीत आहेत ती पुन्हा इथे लिहायला लावू नका. सॉफ्टवेअर आल्यावर जुना कागदी रिपोर्ट बंद करा. दोन्ही मागितले, तर दोन्ही अर्धवट मिळतील.

दुसरी, नोंद कामाच्या वेळेतच झाली पाहिजे. बेकरीतून बाहेर पडताना, गाडीला किक मारण्याआधी. रात्री जेवणानंतर भरायला लावलेली नोंद ही कुटुंबाच्या वाट्याच्या वेळेतून काढलेली असते, आणि दिवसभराचे आठवून लिहिल्यामुळे ती अचूकही नसते. सेल्समन कुठे आहे हे दाखवणारी सोय चालू ठेवायची असेल, तर ती त्याला आधी सांगून आणि फक्त कामाच्या तासांपुरती ठेवा. घाटात आणि आडगावात नेटवर्क नसते, तिथे लिहिलेले नंतर आपोआप चढते का, हे विकत घेण्याआधी तपासा.

तिसरी, पहिले तीन महिने या नोंदींवरून कोणाचाही पगार, इन्सेंटिव्ह किंवा मान कमी करू नका, आणि हे सर्वांना बसवून सांगा. या काळात मालकाने स्वतः ते सॉफ्टवेअर वापरावे. सोमवारच्या बैठकीत सर्वांसमोर ते उघडावे आणि "कोणता शब्द द्यायचा राहिला, त्यासाठी मी काय करू?" असे विचारावे. गोदामात खोके नाहीत म्हणून शब्द मोडत असेल, तर दोष सेल्समनचा नाही, हे त्याच बैठकीत दिसते. आपण लिहिलेल्या नोंदीमुळे आपले काम सोपे झाले, असा अनुभव दोन-तीनदा आला की माणूस सांगावे न लागता लिहू लागतो.

चौथी, पन्नाशीच्या सेल्समनला अपमानित करू नका. कोणता बेकरीवाला महिन्याच्या कोणत्या आठवड्यात पैसे देतो, कोणाला सकाळी भेटायचे आणि कोणाला भट्टी शांत झाल्यावर, हे ज्ञान त्याच्यापाशी सर्वांत जास्त आणि टायपिंग सर्वांत कमी. उर्दू माध्यमात शिकलेल्याला रोमन अक्षरांत लिहिणे जड जाते. त्याला बोलून लिहिण्याची सोय दाखवा. महिनाभर रोज अर्धा तास एखादा तरुण सहकारी त्याच्याशेजारी बसू द्या. तरुणाला मार्केट कळेल, वडीलधाऱ्याला मोबाइल.

सीरतच्या ग्रंथांत एक प्रसंग येतो. हजरत खदीजा (र.) मक्केतील मोठ्या व्यापारी होत्या. माल देऊन त्या दुसऱ्यांमार्फत व्यापार करवीत. विवाहापूर्वी त्यांनी मुहम्मद (स.) यांच्याकडे आपला माल सोपवून त्यांना सीरियाकडे पाठवले, तेव्हा आपला सेवक मैसरा यालाही सोबत दिले. परतल्यावर मैसराने सांगितले ते प्रामुख्याने त्यांच्या वागण्याविषयी, सचोटीविषयी होते. मालकाने आपल्या मालाची खबर घेणे यात गैर काही नाही. ती खबर माणसाचा खरेपणा जाणण्यासाठी घ्यावी, त्याला कोंडीत पकडण्यासाठी नव्हे.

सेल्समन बांधवांसाठी

पत्र लिहिणाऱ्या भगिनीच्या पतीची भीती अगदीच निराधार आहे, असे आम्ही म्हणणार नाही. ग्राहकांची यादी हाती आली की जुन्या माणसाची किंमत कमी करणारे मालक असतात. पण माहिती लपवून ठेवल्याने नोकरी सुरक्षित होते, हेही खरे नाही. यादीत नाव-नंबर जातात. अठरा वर्षांत कमावलेला विश्वास त्या रकान्यांत मावत नाही. बेकरीवाला ऑर्डर देतो ती समोरच्या माणसाच्या शब्दावर.

शिवाय कंपनीच्या पगारावर, कंपनीच्या मालासाठी जोडलेल्या ग्राहकाची माहिती ही आपल्या हातातली अमानत आहे. ती मागितल्यावर देणे भाग आहे. त्याच वेळी आपला हक्क मागण्यातही कमीपणा नाही. जुन्या ग्राहकाच्या पुढच्या ऑर्डरींवर इन्सेंटिव्ह कोणाला मिळणार? लाइन बदलली तर काय? नोकरी सोडली तर शेवटच्या महिन्याच्या सौद्यांचे काय? हे मालकांशी अदबीने बोलून, लिहून घ्या. कंपनी तुमच्याकडून लेखन मागते, तसे तुम्हीही तिच्याकडून लेखन मागा.

नीट भरलेली नोंद तुमचीही साक्षीदार असते. "हा महिनाभर फिरलाच नाही" असे कोणी म्हणाले, तर तुमच्या नावावरच्या तारीखवार भेटी उत्तर देतील. मात्र चहाच्या टपरीवर बसून पाच भेटी भरल्या, तर त्या खोट्या साक्षीची कमाई घरात बरकत आणणार नाही. आणखी एक गोष्ट. शक्य असल्यास कंपनीकडून वेगळे सिमकार्ड मागा. मोबाइलमधले घरचे, नात्यातल्या स्त्रियांचे नंबर कंपनीच्या यादीत जाण्याचे कारण नाही. ॲप सुरू करताना सर्व संपर्क उचलण्याची परवानगी मागितली जाते, ती न वाचता देऊ नका.

काय लिहावे, काय लिहू नये

या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ग्राहकाच्या पानावर 'शेरा' लिहायला मोकळी जागा असते. खरी कसोटी तिथे लागते. 'पार्टी चिकट आहे.' 'भावाभावांत वाटणीचे भांडण चालू.' 'बायकोच्या आजारपणात पैसे गेले, उधारी देऊ नये.' असे शेरे लिहिले जातात, आणि सहा सेल्समन, दोन मालक, एक ऑपरेटर असे नऊ जण ते वाचतात. जो शब्द आपण चौकात उच्चारला नसता, तो इथे वर्षानुवर्षे राहतो. सूरह अल-हुजुरातच्या 12व्या आयतीत अति संशय, दुसऱ्याच्या भानगडी धुंडाळणे आणि गीबत यांपासून रोखले आहे. बोटांनी केलेली गीबत तोंडाने केलेल्या गीबतीपेक्षा जास्त टिकते.

मग लिहायचे काय? 'बिल देण्याची मुदत 15 दिवस, सरासरी 25 दिवसांत पैसे येतात' हे लिहावे. ते खरे आहे आणि धंद्याला लागते. 'पार्टी चिकट' हे लिहू नये; तो आपला निवाडा आहे. कसोटी सोपी ठेवा. ग्राहकाने स्वतः आपले पान उघडून वाचले, तर आपल्याला मान खाली घालावी लागेल का?

सांसारिक कायदाही आता याच दिशेने बोलतो. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने 2023 साली केला. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरावी, ती सुरक्षित ठेवावी, आणि माणसाला आपली माहिती दुरुस्त करून किंवा खोडून घेण्याचा हक्क असावा, हा त्याचा गाभा आहे.

यातली एक बाब आम्हाला विशेष महत्त्वाची वाटते. आज कितीतरी भगिनी घरून केक, नानखटाई करून विकतात आणि अशा कंपन्यांकडून सामान घेतात. त्यांनी नंबर दिला तो ऑर्डरीसाठी. तो नंबर न विचारता कोणत्याही ग्रुपमध्ये टाकणे, रात्री उशिरा जाहिराती पाठवणे, दुसऱ्या कंपनीला देणे, हे सर्व अमानतीत खयानतच आहे. त्यांच्या पानावर 'फोन दुपारी 11 ते 4' असा रकाना करा आणि तो पाळा.

एक माणूस, चार नावे

सीआरएम सुरू करताना पहिल्याच आठवड्यात एक अडचण येते, आणि आपल्या नावांमुळे ती जरा जास्तच येते. एकच गृहस्थ एका सेल्समनच्या वहीत 'मोहम्मद रफिक शेख', दुसऱ्याच्या 'शेख रफीक मोहंमद', तिसऱ्याच्या 'मो. रफिक' आणि चौथ्याच्या मोबाइलमध्ये 'रफिकभाई बेकरीवाले'. सॉफ्टवेअरला हे चार ग्राहक वाटतात. चौघे चार भाव सांगतात आणि रफिकभाई सर्वांत कमी भाव धरून बसतात. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये एका अक्षराच्या फरकाने मुलांची किती धावपळ होते, ते आम्ही दरवर्षी पाहतो.

उपाय असा की ओळख नावावरून न करता नंबरवरून करा. ज्याच्याकडे जीएसटी क्रमांक आहे त्याचा तो 15 अक्षरी क्रमांक घ्या. त्यातले पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे 27, आणि पुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन क्रमांक. छोट्या बेकरीकडे जीएसटी नसेल तर मोबाइल नंबर. नाव लिहिण्याची लिपी आणि क्रम एकच ठरवा. जुन्या वह्या आहेत तशा ओतण्याआधी दोन आठवडे ही सफाई करा. कचरा ओतला तर सॉफ्टवेअरही कचराच दाखवील.

दुसरी अडचण तारखांची. सॉफ्टवेअर 'गेल्या वर्षी याच दिवशी' असे मोजते. पण आपले हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान. आपल्याकडे ईदुल फित्र 2023 साली 22 एप्रिलला झाली, 2024 मध्ये 11 एप्रिलला आणि 2025 मध्ये 31 मार्चला. गेल्या वर्षीच्या तारखेची आठवण येईपर्यंत अर्धा रमजान उलटून गेलेला असेल आणि बेकरीवाल्याने नानखटाईचा मैदा दुसरीकडून भरलेला असेल. दिवाळी आणि गणपतीही दरवर्षी पुढेमागे होतात. म्हणून सणांच्या आठवणी दरवर्षी नव्या दिनदर्शिकेवरून हाताने लावाव्यात. आणि रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी फॉलो-अपची घंटा वाजणार नाही, एवढेही पाहावे.

सॉफ्टवेअर घेताना तीन प्रश्न जरूर विचारा. माणसे वाढली तर वर्गणी किती होईल? कोणाला काय दिसावे हे ठरवता येते का? आणि उद्या सोडायचे ठरले, तर आमची सगळी माहिती एक्सेलमध्ये उतरवून मिळेल का? तिसऱ्याचे उत्तर 'नाही' असेल, तर तिथूनच सलाम करून निघावे.

घरासाठी दोन शब्द

हा विषय कौटुंबिक मासिकात कशाला, असे कोणाला वाटेल. आपल्यातले बहुतेक व्यवसाय हे घरांचेच असतात, म्हणून. कर्ता पुरुष अचानक अल्लाहच्या घरी जातो, आणि कोणाकडून काय येणे, कोणाला काय देणे, कोणाला कोणता शब्द दिलेला, हे सगळे त्याच्यासोबत जाते. दफनविधीच्या खर्चानंतर आधी मृताचे कर्ज फेडायचे, मग वसियत, आणि उरले ते वारसांत वाटायचे, असा शरियतचा क्रम आहे. पण कर्जाची नोंदच नसेल तर विधवेने आणि मुलांनी ते कसे फेडावे? दारात आलेल्या माणसाचे खरे मानावे की खोटे, हा पेच घरातल्यांवर पडतो.

म्हणून लाखाचे सॉफ्टवेअर असो की दहा रुपयांची वही, ती घरातल्या किंवा भागीदारीतल्या आणखी एका विश्वासू माणसाला उघडता आली पाहिजे. भगिनींनी हा प्रश्न घरात विचारावा : "तुम्ही आज कोणाकोणाला काय शब्द दिलाय, ते कुठे लिहिलंय?" उत्तर डोक्याकडे बोट दाखवून मिळाले, तर त्याच संध्याकाळी एक वही पुढे ठेवावी. चार रकाने आखावेत : कोणाला, काय, केव्हा, पुरे झाले की नाही. महिनाभर ही वही भरता आली, तर त्या घराला सीआरएम जड जाणार नाही, इन्शाअल्लाह.